१० एप्रिलआधीची सोपवणी: शाळेचे शेवटचे पंधरा दिवस आणि जूनमध्ये येणाऱ्या शिक्षकासाठी एक वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी कनिष्ठ प्राथमिक शाळेत, म्हणजे पहिली ते पाचवीच्या दोनशिक्षकी शाळेत, अतिथी शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे: "चौथी आणि पाचवी माझ्याकडे आहेत. मार्चअखेरीस एसए-२ (वर्षअखेरची परीक्षा) संपेल आणि १० एप्रिलला निकाल सांगून शाळा सुटेल. मधल्या दिवसांत मुले येईनाशी होतात, आली तरी त्यांचे मन लागत नाही, आणि मी नोंदींच्या कागदांत बुडालेली असते. पाचवीची सगळी मुले दुसऱ्या शाळेत जाणार, त्यांतली काही सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात जाणार असे पालक म्हणतात. माझी नेमणूकही या वर्षापुरतीच असल्याने जूनमध्ये मीच येईन याची खात्री नाही. या दिवसांत कोणते काम आधी हाती घ्यावे? आणि मी परत येणार नाही हे मुलांना सांगावे का?"

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी शाळांत माझी एकतीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकते. या पंधरा दिवसांतले सर्वांत मोलाचे काम कोणत्याही छापील नमुन्यात नाही, ते कोणी मागत नाही आणि केले नाही तर कोणी विचारतही नाही. ते काम म्हणजे मुलांची सोपवणी. प्रत्येक मूल जूनमध्ये ज्याच्या हाती जाणार आहे त्याला ते मूल कळेल अशी व्यवस्था करून ठेवणे, मग तो हात तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाचा असो, उच्च प्राथमिक शाळेतील सहावीच्या बाईंचा असो किंवा सीमेपलीकडच्या गुरुजींचा असो. बाकीची कामे या कामाभोवती बसवा.

याचे कारण आपल्याकडच्या वेळापत्रकात आहे. कर्नाटकात १० एप्रिलला वर्ग सुटतो, ११ एप्रिलपासून सुट्टी लागते आणि अलीकडच्या वर्षांत २९ मेच्या सुमारास शाळा पुन्हा उघडते. म्हणजे सात आठवड्यांची फट. (चंदगडच्या मामाकडे गेलेल्या आपल्या मुलांना तिथली मामेभावंडे अजून शाळेत जाताना दिसतात, कारण महाराष्ट्रात निकाल १ मेच्या आसपास लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते.) या सात आठवड्यांत मूल काही विसरते, काही नवे शिकते, आणि त्याला ओळखणारी व्यक्ती मात्र शाळेतून निघून गेलेली असते. कायम शिक्षक असेल तर मुलाची ओळख त्याच्या डोक्यात तरी राहते. अतिथी शिक्षिकेच्या बाबतीत ती तिच्याबरोबरच घरी जाते.

जूनमध्ये शाळा सेतुबंधाने सुरू होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वपरीक्षा, मग उजळणी, मग उत्तरपरीक्षा असा तो क्रम असतो. नव्या शिक्षकाला मुलांची नावे पाठ होईपर्यंत पूर्वपरीक्षा होऊन जाते, आणि तिच्या उत्तरपत्रिकेत सात आठवड्यांचा विसर आणि खरोखरची कच्ची बाजू यांत फरक दिसत नाही. वर्षभरातल्या चार एफए (छोट्या चाचण्या) आणि दोन एसए (सत्रपरीक्षा) यांच्या नोंदी त्याच्यासमोर असतात, पण त्यांतून त्याला श्रेणी मिळते आणि मूल मिळत नाही. तुमच्या चौथीत 'बी' श्रेणीची दोन मुले असतील. त्यांतल्या एकाला भागाकार येत नसेल, आणि दुसऱ्याला भागाकार येत असूनही शाब्दिक उदाहरण वाचता येत नसेल. श्रेणीच्या रकान्यात दोघे एकच असतात, आणि जूनमध्ये दोघांनाही तोच भागाकार पुन्हा शिकवला जातो.

म्हणून एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. पानावर स्तुती नको, 'हुशार आहे', 'लक्ष देत नाही' असले शेरेही नकोत. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात वापरता येईल अशी माहिती लिहा. मी माझ्या शेवटच्या वर्षांत लिहीत असे त्या धर्तीचे एक पान खाली देते. मुलाचे नाव अर्थात दिलेले नाही.

"इयत्ता चौथी. पाठ्यपुस्तकातला ओळखीचा परिच्छेद सुरळीत वाचतो. अनोळखी मजकुरात जोडाक्षर आले की थांबतो. 'र'ची जोडाक्षरे (सूर्य, चंद्र, ट्रक) अजून अडतात. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकते, तूर्त सोडून द्यावे, पूर्ण वाक्य लिहितो याचे कौतुक करावे. हातच्याची वजाबाकी येते, पण वरच्या संख्येत शून्य असेल तर (५०३ वजा १६७) हमखास चुकतो. पाढे बारापर्यंत. कन्नड मुळाक्षरे आणि कागुणित (बाराखडी) येते, ओत्ताक्षरे (जोडाक्षरे) येत नाहीत. पुढच्या बाकावर बसवल्यास फळ्यावरून उतरवताना चुका कमी होतात. डोळे तपासून घ्यावेत असे घरी सांगितले आहे, अजून नेलेले नाही. मोठ्याने रागावले की दोन दिवस बोलत नाही."

एवढे लिहायला मुलामागे दहा-बारा मिनिटे लागतात. तुमच्या दोन्ही वर्गांची मिळून मुले फार नसतील, रोज चार पाने लिहिली तरी वही वेळेत पुरी होईल. मात्र एसए-२ संपल्यावर आठवून आठवून लिहायला बसू नका. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच वही टेबलावर ठेवा आणि मूल वाचत असताना, उदाहरण सोडवत असताना शेजारी बसून लिहा. वर दिलेले शून्याचे उदाहरण मला आठवणीतून कधीच सापडले नसते. त्या मुलाच्या पाटीकडे पाहत होते म्हणून ते दिसले.

कन्नडबद्दल दोन शब्द लिहायला विसरू नका. आपल्या मुलांच्या घरी मराठी, शाळेत मराठी, आणि कन्नड फक्त त्या तासापुरती कानावर पडते, विशेषतः जांबोटी-कणकुंबी भागातल्या वाड्यांत. मराठीत जोडाक्षर बहुधा एका ओळीत शेजारी-शेजारी लिहिले जाते, तर कन्नडमध्ये दुसरे व्यंजन खाली लटकते. त्यामुळे मराठी जोडाक्षरांत पटाईत असलेले मूलही कन्नड ओत्ताक्षरात अडते, आणि हा अडथळा भाषेचा नसून डोळ्याच्या सवयीचा असतो. ज्या शिक्षकाला हे आधीच कळते तो जूनमध्ये मुलाला 'कन्नड कच्चे' ठरवत नाही. तो आठ दिवस वरचे-खालचे अक्षर ओळखण्याचा सराव देतो आणि गाडी पुढे जाते.

तुमच्या शाळेत पहिली ते तिसरीचा वर्ग नली-कली पद्धतीने चालत असेल तर आणखी एक सोपवणी आहे, आणि माझ्या पाहण्यात तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तीन वर्षे मूल कार्डांवर, गटात, चटईवर बसून, आपापल्या वेगाने शिडीच्या पायऱ्या चढत आलेले असते. चौथीत आले की एकदम बाक, पाठ्यपुस्तक आणि सर्वांना एकच पान. जूनमध्ये चौथीतली कित्येक मुले गप्प होतात ती यामुळे. सहकारी गुरुजींशी बोलून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिसरीची मुले दोन दिवस तुमच्या वर्गात बसवा. चौथीच्या एकेका मुलाजवळ तिसरीचे एकेक मूल बसू द्या आणि मोठ्या मुलाने छोट्याला चौथीच्या पुस्तकातला आपल्या आवडीचा पाठ वाचून दाखवावा. चौथीच्या मुलाची उजळणी होते, तिसरीच्याला पुढचे पुस्तक ओळखीचे होते, आणि तुम्हाला तो अर्धा तास नोंदींसाठी मिळतो. कोणते मूल शिडीच्या कितव्या टप्प्यावर थांबले आहे हेही गुरुजींकडून त्याच वहीत लिहून घ्या, कारण अक्षरओळखीच्या टप्प्यावर असतानाच चौथीत ढकलले गेलेले मूल पुढे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पाचवीच्या दाखल्यांकडे वळते. कनिष्ठ प्राथमिक शाळा असल्याने तुमच्या पाचवीच्या प्रत्येक मुलाला शाळा सोडल्याचा दाखला लागणार. तो एसएटीएसवर (कर्नाटकाच्या विद्यार्थी-नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीवर) मुख्याध्यापकांच्या लॉगिनने निघतो, त्यामुळे दाखला काढणे तुमचे काम नाही, पण त्यावरचे नाव तपासणे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला जमणार नाही. इथे मी केलेली एक चूक सांगते. माझ्या वर्गात ज्ञानेश्वर नावाचा मुलगा होता. दाखल्याच्या वेळी मी त्याचे नाव कन्नड उच्चारावरून इंग्रजीत लिहिले, म्हणजे 'जे' आणि 'एन'ने सुरू केले, कारण कन्नडमध्ये 'ज्ञ' तसाच उतरतो. त्याच्या आधार कार्डावर मात्र मराठी पद्धतीने 'डी', 'एन', 'वाय' असे होते. पाच वर्षांनी एसएसएलसीच्या (दहावीच्या) अर्जाच्या वेळी ते अंगावर आले. त्याच्या वडिलांना प्रतिज्ञापत्र, फोटो, साक्षीदार यांसाठी तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला शेतातल्या एका दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून मी एक रिवाज पाळला. दाखला छापण्यापूर्वी नाव कोऱ्या कागदावर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहायचे, शेजारी आधार कार्डाची प्रत ठेवायची, आणि पालकांना समोर बसवून अक्षर-अक्षर जुळवायचे. 'ज्ञ'खेरीज 'ळ', 'क्ष' आणि 'श-ष' इथे घोटाळे होतात. आडनाव आधी की नाव आधी, यावरही लक्ष ठेवा. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, कन्नड शाळांत नुसत्या आद्याक्षरांवर भागवायची सवय, आणि त्यातून एकाच मुलाची तीन नावे तयार होतात.

जन्मतारखेचेही तसेच. १ जून ही जन्मतारीख असलेली मुले तुमच्या हजेरीपत्रकात किती आहेत ते एकदा मोजा. जुन्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून लिहून टाकण्याची चाल होती, आणि तिची सावली अजून पुरती गेलेली नाही. पंचायतीकडचा जन्मदाखला पाहून घ्या.

सीमेपलीकडे जाणाऱ्या मुलांबद्दल पालकांना फार भीती वाटते, आणि काही वेळा आपणच ती वाढवतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ याबाबत स्वच्छ आहे. मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला पोहोचायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. 'मुले गेली तर पट कमी होईल' म्हणून दाखला अडवून ठेवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. मराठी शाळांचा पट हा आपल्या सर्वांच्या काळजाचा विषय आहे हे मान्य, पण पट टिकवण्यासाठी एखाद्या मुलाचा दाखला कपाटात कोंडणे मला कधीच पटले नाही. व्यवहाराच्या बाजूने एवढेच करा की राज्याबाहेर जाणाऱ्या दाखल्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्यायला पालकांना सुट्टीपूर्वीच सांगा, दाखल्यावरचा मजकूर कन्नडमध्ये असेल तर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने त्याचा मराठी किंवा इंग्रजी उतारा सोबत द्या, आणि यूडायसवरचा (देशभरच्या शाळा-नोंदणीवरचा) मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला सगळे 'पेन नंबर' म्हणतात, तो दाखल्याबरोबर लिहून द्या. एसएटीएसचा क्रमांक कर्नाटकाबाहेर उपयोगी पडत नाही. पेन मात्र दोन्ही राज्यांत चालतो.

त्या मुलांच्या पानावर आणखी एक ओळ लिहावी लागेल. महाराष्ट्रात हिंदी पाचवीपासून असते आणि आपल्याकडे तिसरी भाषा सहावीपासून. त्यामुळे चंदगडच्या सहावीत बसलेल्या आपल्या मुलासमोर हिंदीचे दुसरे वर्ष येते आणि त्याचे पहिले वर्ष झालेलेच नसते. लिपी देवनागरी असल्याने वाचन लगेच जमते, पण तिथल्या शिक्षकांना हे सांगणारे कुणी नसते. 'हिंदी यापूर्वी शिकवलेली नाही, वाचन जमेल, शब्दसंग्रह नाही' एवढे वाक्य पुरे.

कोणत्या शाळेत घालावे, कोणते माध्यम घ्यावे, असे पालक विचारतील तेव्हा सल्ला जपून द्या. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपण माहिती द्यावी. जवळची मराठी उच्च प्राथमिक शाळा किती लांब आहे, वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात बस येते का, शाळा सातवीपर्यंत आहे की आठवीपर्यंत, पुढे मराठी हायस्कूल कुठे आहे, या गोष्टी पालकांना माध्यमाच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगी पडतात. खानापूरच्या पश्चिम भागात दहा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते ती कित्येकदा ओढ्यावरच्या साकवामुळे, आणि सुटल्यावर कारण 'अभ्यासात गोडी नाही' असे लिहिले जाते.

नवोदय, मोरारजी देसाई निवासी शाळा, आदर्श विद्यालय यांची चौकशी पालक पाचवीच्या निकालादिवशी करतात, आणि त्या दिवशी सांगण्यासारखे काही उरलेले नसते, कारण सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज मूल पाचवीत असतानाच भरायचे असतात. म्हणून ही माहिती १० एप्रिलला चौथीच्या पालकांना द्या. आपल्या जिल्ह्याचे नवोदय चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे. पाचवीच्या 'बोर्ड परीक्षे'बद्दलही विचारणा होईल. २०२३ साली पाचवी आणि आठवीला राज्यस्तरावरून मूल्यमापन झाले, पुढच्या वर्षी ते न्यायालयात अडकले आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल जाहीर करण्यास मनाई केली. तेव्हापासून गावागावांत या विषयाच्या वावड्या उठतात. चालू वर्षाचे परिपत्रक हातात असल्याशिवाय तुम्ही काही बोलू नका.

१० एप्रिलची सभा, 'समुदायदत्त शाले', बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात पार पडते. एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) अध्यक्ष येतात, हार-नारळ होतो, निकाल वाचून दाखवतात आणि चहा होतो. ती थोडी बदला. नावे आणि श्रेण्या सर्वांसमोर वाचू नका. पालकांना एकेक करून टेबलाशी बोलवा, मूलही शेजारी असू द्या, आणि मुलाला एक छोटा परिच्छेद पालकांसमोर वाचायला सांगा. माझ्या शाळेत एकदा निकालपत्रक हातात घेऊन एका मुलीची आजी म्हणाली, "पास झालीया खरं, हिला पत्र वाचाय येतंय काय, बाई?" आपल्या बेळगावकडच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण', हे सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुलीने पिशवीतून सोसायटीची नोटीस काढून आजीला वाचून दाखवली. दोन शब्द अडले, कारण ते सरकारी शब्द होते आणि मलाही त्यांचा अर्थ सांगताना थांबावे लागले. त्यानंतर आजीने निकालपत्रक घडी घालून कनवटीला लावले आणि नोटीस मात्र हातातच ठेवली. पुढच्या वर्षापासून मी टेबलावर एसटीचे वेळापत्रक, बी-बियाण्याचे पाकीट, लग्नपत्रिका असे काही ना काही ठेवू लागले.

एसए-२ आणि सभा यांच्यामधल्या दिवसांत मुलांनी का यावे, हा प्रश्न मुलांच्या बाजूने रास्त आहे. परीक्षा झाली, आता शाळेत काय आहे? त्यात हा काजूचा हंगाम, घरी हातांची गरज असते. मारून मुटकून उजळणी घेतली तर मुले आणखी दूर जातात. तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्या आणि आपली चूक स्वतः शोधून दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करू द्या. वर्षभरात ही एकच वेळ अशी असते की गुण ठरून गेलेले असल्याने मुलाला चुकीची भीती उरलेली नसते. गणितासाठी काजूच पुरे. आज किती किलो बिया गोळा झाल्या, भाव काय मिळाला, ओल्या आणि वाळलेल्या बियांच्या वजनात किती फरक पडला, असा घरचा हिशेब मुले आणतात आणि भांडून-भांडून जुळवतात. पाचवीच्या मुलांना 'नव्या बाईंना किंवा गुरुजींना आपल्या शाळेची ओळख' अशी पत्रे लिहायला सांगा: पाण्याची टाकी कशी भरते, कोणत्या खिडकीचा कडीकोयंडा मोडलेला आहे, मधल्या सुट्टीत कुणाला लहान मुलांकडे पाहायला सांगावे. मी एका वर्षी अशी पत्रे वाचली तेव्हा माझ्याच शाळेत कुंपणाच्या मागच्या बाजूला मधमाश्यांचे मोहोळ आहे हे मला कळले.

सुट्टीचा अभ्यास म्हणून वह्या भरून घेऊ नका, त्या मोठी भावंडे भरतात. त्याऐवजी वाचनालयाची पुस्तके मुलामागे दोन याप्रमाणे घरी द्या. पुस्तके हरवतील या भीतीने ती कपाटात राहतात आणि कपाटात त्यांना वाळवी खाते. हरवलेली काही मी पदरचे पैसे घालून भरून दिली, वाळवीने खाल्लेली मात्र तशीच निर्लेखित करावी लागली.

शाळा बंद करतानाची कामे मुख्याध्यापकांची आहेत, तरी दोनच शिक्षक असल्याने तुमच्यावर येतीलच. अक्षर दासोहाचा (दुपारच्या जेवणाचा) उरलेला तांदूळ आणि डाळ १० तारखेला मोजून स्टॉक बुकात लिहा, आणि उघडी पोती ठेवू नका, जूनपर्यंत त्यांत किडे होतात. चालू वर्षाची चांगली पाठ्यपुस्तके मुलांकडून परत घेऊन गठ्ठे बांधून ठेवा. नवी मराठी पुस्तके वेळेवर येतातच असे नाही, एका वर्षी माझ्या शाळेत ती पावसाळा निम्मा सरल्यावर आली आणि तोपर्यंत जुन्या गठ्ठ्यांवरच वर्ग चालला. शाळा कौलारू असेल तर मेमध्ये कौले शाकारून घ्यायला एसडीएमसीच्या सदस्यांना सभेतच सांगा, आणि रजिस्टरे गळक्या कोपऱ्यातून हलवा. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीसाठी शाळा उघडावी लागते. राहिलेसाहिलेले त्या दिवशी उरकते.

वहीचे काय करायचे, हा शेवटचा व्यवहारी मुद्दा. ती मुख्याध्यापकांच्या हाती द्या आणि आवक नोंदवून घ्या, म्हणजे ती 'कुणाची तरी जुनी वही' म्हणून रद्दीत जाणार नाही. पाचवीच्या मुलांची पाने वेगळी करून मुले जिथे जाणार त्या शाळेच्या नावाने पाकिटात घाला आणि दाखल्याबरोबर पालकांकडे द्या. पाकीट बंद करू नका, पालकांना वाचू द्या. म्हणूनच त्या पानांवर पालकांसमोर वाचता येणार नाही असे काही लिहू नये. स्वतःसाठी, मानधनाचे राहिलेले बिल आणि अनुभव प्रमाणपत्र १० तारखेपूर्वी मागून घ्या. सुट्टीत मुख्याध्यापक सापडत नाहीत, आणि जूनच्या नेमणुकीच्या वेळी तो कागद लागतो.

मुलांना सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे. सांगावे. 'जूनमध्ये भेटू' असे म्हणून निघून गेलेल्या शिक्षिकेची मुले जूनमध्ये पहिले तीन दिवस फाटकाकडे पाहत बसतात, आणि नव्या माणसाला ते तीन दिवस फार जड जातात. मात्र शेवटच्या दिवशी, घंटा होताना सांगू नका. सभेच्या आदल्या दिवशी, जेवणापूर्वी सांगा, म्हणजे प्रश्न विचारायला दुपार हाती राहते. 'माझी नेमणूक या वर्षापुरती होती, पुढच्या वर्षी कोण येईल हे मला अजून ठाऊक नाही, जे येतील त्यांच्यासाठी तुमच्याबद्दल मी या वहीत लिहून ठेवले आहे' एवढे पुरे. मुले वही पाहायला मागतील. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे पान वाचून दाखवा. एखादे मूल म्हणेल, "बाई, मला आता तेराचा पाढा येतो." म्हणायला लावा, आणि आला तर त्याच्यासमोर बाराचे तेरा करा.